पोरांसमोर बोललेलं

गणपतीच्या पाठीवर टिचकी मारायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "ऐका. शाडू असा वाजंल काय?" पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात गिऱ्हाईक आलं की कारागीर काकांचं हे ठरलेलं. साच्यात प्लास्टर ओतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शाडूची माती म्हणजे नुसता ताप. "वाळत नाय, तडकते, आन् उचलणाऱ्याची कंबर मोडते."

मी तिथे ऑर्डरी घेतो. मतं माझी शाडूच्या बाजूची, अगदी ठाम. घरी मात्र दरवर्षी प्लास्टरचाच गणपती, कारण हलका. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल.

रोह्याच्या एका शाळेने शाडूचा गणपती शिकवायला बोलावलं. माती काका मळणार, भाषण मी देणार. समोर एवढी पोरं पाहून माझा घसाच बसला. मी काकांना पुढे ढकललं. येताना एसटीत माझी तालीम ऐकली होती, तीच त्यांनी ठोकून दिली. माती पाण्यात विरघळते, खाडीतल्या मासळीला त्रास नाही वगैरे. पोरांनी टाळ्यांनी वर्ग दणाणून सोडला.

परतताना म्हणाले, "तुमचंच बोललो, भाऊ. आपल्याला काय पटलेलं नाय."

मग पेणच्या शाळाही बोलावू लागल्या. भाषण लांबत गेलं. माझ्या तालमीत नसलेली वाक्यं त्यात येऊ लागली. एके ठिकाणी एक मुलगी उभी राहिली. "काका, तुमच्या घरी कुठला असतो?"

"शाडूचा," काका म्हणाले. साफ खोटं.

त्या वर्षी त्यांनी घरी शाडूचा बसवला. पुढच्या वर्षी कारखान्यातली चांगली चाललेली नोकरीच सोडली. काकी कारखान्यात येऊन माझ्यावर उखडल्या, "भाऊ, समजवा यांना! शाळेतलं बोलणं शाळेत ठेवावं. ही माती घेणार कोण? आमी काय चिखल खायचा?"

मागून काका आले. "एवढ्या पोरांना सांगितलंय गो. आता खोटा कसा पडू?"

घरच्या पडवीत फळ्या मांडून त्यांनी शाडूच्या मूर्ती केल्या. श्रावण निम्मा सरला तरी गिऱ्हाईक फिरकेना. माझ्याच घशाने हे केलं, म्हणून मला जेवण गोड लागेना. मग शाळांतली पोरं आली, आईबापांना हाताला धरून ओढत. रोह्याहूनसुद्धा.

मी गेलो तो उशिराच. काका नव्हते. एका घरची मूर्ती मांडीवर घेऊन रोह्याच्या गाडीने गेले होते. फळ्यांवर मातीचे गोल डाग आणि एकच गणपती उरलेला. त्याच्यापुढे एक गिऱ्हाईक का-कू करत उभं होतं.

काकी त्याला ठणकावत होत्या, "पिलास्टर? नाव नको काढूस दारात. आमच्याकडं पयल्यापासून शाडूच!"