ओढून चालणारी करवत

मिस्त्रीचा उजवा खांदा निकामी होत चालला, तेव्हा गल्ली धरूनच चालली होती की दुकान आता बसलं. मुलगा परमुलखात नोकरीला. हाताखाली कोणी टिकेना. चार वेळा रंधा ढकलला की मिस्त्री खांदा धरून बसायचा, आणि बायकोला कळू नये म्हणून पटाशीला धार लावायचं सोंग करायचा.

अशात तो आला. गल्लीच्या टोकाला सूतगिरणी होती. तिथे दूरच्या मुलखातून माणसं कामाला आली होती, त्यांतलाच एक. सुतारकाम येतं म्हणाला. म्हणाला म्हणजे हातांनी दाखवलं. मिस्त्रीने फळी पुढे टाकली. त्याने रंधा उलटा धरला आणि छातीकडे ओढला.

"अरे गाढवा, ढकल! ढकल!"

तो हसला, पुन्हा ओढलाच. ढलपी निघाली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मिस्त्रीने ती उचलून उजेडात धरली. समोरच्या कुलूपवाल्याने त्याचं नाव पाडलं, ओढ्या.

ओढ्याची करवतही तशीच. दाते मुठीकडे वळलेले, पातं पातळ. मिस्त्रीने एकदा सवयीने ती ढकलली आणि पातं वाकलं. ते सरळ करण्यात ओढ्याची दुपार गेली.

ओढ्याच्या माणसांना ठेंगणी मेजं लागत. ती गावात कोणी करत नव्हतं. ओढ्याने केली. ती बघून शाळेनेही लहान मुलांसाठी मागवली. दुकानाला बाळसं आलं. चहावालीने दुसरी शेगडी मांडली. गिरणीवाल्यांनी खोल्या घेतल्या, आणि खोली तिथे कुलूप.

"काय मिस्त्री," कुलूपवाला म्हणाला, "उपऱ्यांनी भरली की गल्ली! पाय ठेवायला जागा नाही. जातील तेव्हा मोकळी होईल."

मिस्त्रीची बायको आतून म्हणाली, "त्यांच्या दारांना कुलपं कुणाची आहेत, भाऊजी?"

"वहिनी, धंदा वेगळा, बोलणं वेगळं."

"आमचा मुलगाही कुणाच्या तरी गल्लीत उपराच आहे."

कुलूपवाला कानस घासत राहिला.

मग गिरणी बंद पडली. माणसं काम शोधत पांगली आणि गल्ली खरंच मोकळी झाली. चहावालीची एक शेगडी विझली, मग दुसरी. ओढ्याची बायकोमुलंही पुढे गेली. तो मात्र शाळेची मेजं उरकेपर्यंत थांबला. एकच राहिलं, तेव्हा निरोप आला, तिकडे काम आहे, लगेच ये.

"तुम्ही पण चला, दादा." ओढ्या आता मोडकंतोडकं बोलायला शिकला होता.

"या वयात मी उपरा होऊ? जा तू."

रागाने मिस्त्री त्याला निरोप द्यायला बाहेरही आला नाही.

सकाळी त्याने खुंटीवरून स्वतःची करवत काढली. बापाच्या हातची होती ती. दात्यांवर बोट फिरवलं आणि ओरडला, "वाट लावली त्याने हिची! सगळे दाते उलटे घासलेत!"

बायकोनेही दात्यांवर बोट फिरवलं. "तुमच्या खांद्याला ढकलणं जमत नाही म्हणून," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रीने शेवटची वाळलेली फळी घोडीवर ठेवली. शाळेचं मेज तिच्यातूनच व्हायचं होतं. हे जमलं तर दुकान चालेल, एवढाच हिशेब. त्याने करवत ओढली. खांद्यातून कळ आली नाही. त्याने पुन्हा ओढली. काप रेघेवरून सरळ चालला. कितीतरी दिवसांनी हात कामावर होता, दुखण्यावर नव्हता.

काप संपत आला तसा सवयीने तो बोलला, "धर रे."

दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. बायको हातातलं टाकून धावली, तोवर टोक आपल्याच वजनाने खाली गेलं आणि जाताना चांगल्या भागातून वीतभर लांब चिरफाळी ओढून घेऊन गेलं. मेज त्यातून होणार नव्हतं.

मिस्त्रीने भुसा झाडला. करवतीला तेलाचं बोट लावून ती खुंटीला अडकवली. मग रस्ता ओलांडून समोर गेला.

"एक कुलूप दे. मोठं."

कुलूपवाल्याने फळीवरचं कुलूप काढून धुरळा पुसला. बऱ्याच दिवसांत कोणी मागितलं नव्हतं. "कुठल्या दाराला?" असं काही त्याने विचारलं नाही.