नऊ ठिकाणं आणि कालव्याकाठचा बाक

मंडळी, आत्ताच घरी आले आहे. पाय गरम पाण्यात आहेत, तेव्हा माझी चिडचिड सहन करा.

महिनाभर मुलाकडे श्टुटगार्टला राहायला आलेय. त्याने आज सकाळच्या गाडीने मला तिथून फ्रान्सला नेलं. तेही स्ट्रासबूर्गला नाही, त्याच्या एका उपनगरात. तिथे म्हणे गर्दी नसते. फोनमध्ये नऊ ठिकाणांची यादी होती. बिअरचा जुना कारखाना, लाकडी चौकटींच्या घरांची गल्ली, किल्ला, चर्च. फोटो काढायचा आणि पळायचं. मी नन्सच्या शाळेत शिकलेली. चर्चमध्ये दोन मिनिटं शांत बसू दे म्हटलं, तर "आई, ट्रॅम चुकेल!"

चौथ्या ठिकाणानंतर कालव्याकाठी बाक दिसला. मी सरळ बसले.

"अगं, अजून पाच राहिलीत!"

"तू जा. फोटो काढून आण."

"तुझ्यासाठीच आलोय ना आपण?"

"मग बस इथे. महिनाभर मी नुसती तुझी पाठ बघतेय."

बसला. मग म्हणाला, "आई, कंपनीत माणसं कमी करतायत. बहुतेक माझाही नंबर लागेल. पुढच्या वर्षी तुला बोलावता येईल की नाही, माहीत नाही. म्हणून सगळं आत्ताच दाखवत होतो."

पिशवीतली दशमी काढून त्याच्या हातात दिली. उरलेली पाच ठिकाणं पाहिलीच नाहीत.

तुमची मुलंही तुम्हाला फिरवताना अशी धावतात का? का धावतात, हे कधी विचारलंत? मी महिनाभर विचारलं नव्हतं. नुसती करवादत होते.