बघण्यापुरता मालक

आपण कोण आहोत हे जगातल्या एकाही माणसाला ठाऊक नसतं, ते ठरवून द्यायचं काम देवानं आपल्यावर सोपवलंय, अशा थाटात वावरणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशीब असं की तो माझाच साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गाव चंदगड तालुक्यात, नोकरी कोल्हापुरात एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात. निवृत्त झाल्यावर लहानमोठ्या कारखान्यांचे सर्व्हर बसवून द्यायचा उद्योग त्यांनी सुरू केला. या गृहस्थांना फोन लावणं म्हणजे कोर्टात उभं राहणं. समोर माझं नाव दिसत असलं तरी फोन उचलून पहिला प्रश्न, "कोण बोलतंय?" नाव सांगितलं तरी सुटका नाही. "नाव झालं, नातं सांगा." त्यांचं म्हणणं असं की नाव काय, कुणीही कुणाचं लावतो. मी भडकून "तुमचा काळ बोलतोय" म्हणायचो, ते शांतपणे फोन ठेवून द्यायचे, आणि गरज माझी असल्यामुळे मलाच परत लावून "साडू बोलतोय" असं कबूल करावं लागायचं.

माझ्या मुलीच्या लग्नात ते पंगतीच्या दाराशी उभे राहिले. कुणी उभं केलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला मुलाकडचे की मुलीकडचे हे विचारून त्या त्या बाजूला बसवणं चाललं होतं. त्यात नवऱ्या मुलाचा सख्खा चुलता आला. तो लांबच्या नात्यानं आमचाही लागत होता, म्हणून हसून म्हणाला, मी दोन्हीकडचा. साडूंनी त्याला तिथंच थांबवलं. एका पंगतीला एकीकडूनच बसायचं, आधी ठरवा मग आत या. चुलता रुसून मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसला. मी आयुष्यभर भंगारवाल्यांशी, कोळशावाल्यांशी घासाघीस केली, पण त्या चुलत्याला परत पाटावर बसवताना जेवढं तोंड वाजवावं लागलं तेवढं कधी लागलं नाही. साडूंना चूक वाटलीच नाही. "त्यांचं दोन्हीकडं नाव हाय, हे मला आधी कुणी कळवायला नको?" असं उलट मलाच विचारलं.

अशा माणसाला मी माझ्या कारखान्यात घेतला नव्हता, माझ्या मुलानं घेतला. दुसऱ्याच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायच्या कारखान्यात, वाळू तुडवत मी वर आलो आणि स्वतःची भट्टी पेटवली. मुलगा शिकून आला आणि त्यानं हापिसात नवे कॉम्प्युटर मांडले. कास्टिंगची सगळी ड्रॉइंग मात्र साच्यांचे लाकडी नमुने बनतात त्या पॅटर्न शॉपमधल्या जुन्या लिनक्स मशीनवर होती. या मशीनची माणसं त्या मशीनला ओळखू येत नव्हती. साडूंनी मला एकदा समजावलं होतं की कारखान्यातलं मशीन माणसाला एका आकड्यानं ओळखतं, हापिसातलं मशीन भल्या लांबलचक आकड्यानं, नावाशी दोघांनाही देणंघेणं नसतं. तेव्हा तिकडचा हा तोच इकडचा हा, असं कुणीतरी मध्ये बसून जुळवून द्यावं लागतं. म्हणजे पुन्हा मुलाकडचे की मुलीकडचे. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मुहूर्ताला नव्या सर्व्हरवर गुलाल पडला, नारळ फुटला, आणि पहिलं नाव देवाचं म्हणून साडूंनी मशीनवर पहिला माणूस घातला तो जोतिबा. मग ड्रॉइंगची जुनी डिस्क जोडली, आणि बघतो तर माझी सगळी ड्रॉइंग जोतिबाच्या मालकीची. झालं होतं असं की जुन्या मशीनवर पहिला आकडा माझा होता, नव्यावर तो देवाला गेला, आणि मशीननं आकडा बघून माल देवाच्या हवाली केला. आमचा पॅटर्नमेकर ड्रॉइंग उघडायला जाई, मशीन नको म्हणे. दोन दिवस कारखाना देवाचा होता. वाळू मळायचं काम सोडलं तर सगळं ठप्प. मी म्हटलं, देवाचं नाव काढून टाका. साडू कानाला हात लावून म्हणाले, "देवाला काढत न्हाईत पावणं, आपण सरकायचं." आणि मग त्यांनी एकेक कामगार समोर उभा करून, तुला शॉपमध्ये काय म्हणत्यात, हापिसात काय म्हणत्यात, तू कुठल्या गटातला, असं विचारत सगळी फौज नव्यानं जुळवली. त्यात मलाही रांगेत उभं केलं. माझ्याच कारखान्यात. मी हसण्यावारी नेलं.

पुढचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भाव करायची माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाईक समोर बसवायचं, भावाचा तक्ता पडद्यावर उघडायचा, शेवटाला सुस्कारा सोडून त्याच्या डोळ्यांदेखत आकडा थोडा खाली आणायचा आणि पडदा त्याच्याकडं फिरवायचा. माणूस तिथंच विरघळतो. बेळगावचे एक पंपवाले असेच विरघळायला आले होते. मी सुस्कारा सोडला, आकडा बदलला, आणि मशीननं सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पडदा तोवर फिरवून झाला होता. पंपवाल्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "पावणं, मालक तुम्हीच न्हवं?"

ते गिऱ्हाईक गेलं त्याचं दुःख नाही, दुसरं मिळालं. पण तो प्रश्न अजून कानात आहे. मी तिथंच साडूंना फोन लावला. आधी नातं आणि मग झाला प्रकार सांगितल्यावर ते म्हणाले, "मशीन बरोबर हाय. तुमच्या नावाला बघायचा हक्क हाय, बदलायचा न्हाय."

"कुणी ठरवलं?"

"लावलं मी. शिव्या मला द्या."

दिल्या. कारखान्यातली माणसं काम थांबवून ऐकत होती इतक्या दिल्या. वाळूत राबून उभं केलेलं माझं ते एवढं एकच, आणि त्यात या माणसानं मला बघ्यांच्या गटात टाकलं. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. संपल्यावर त्यांनी फोन ठेवला. मुलानं त्याच संध्याकाळी कुणाकडून तरी माझा हक्क परत लावून घेतला, पण साडूंशी माझं बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढं लग्नकार्यात आम्ही वेगवेगळ्या पंगतींना बसू लागलो, बहिणी-बहिणी मधल्या मध्ये चेहरे बघत राहिल्या, आणि एक दिवस कळलं की कोल्हापुरातलं घर मोडून ते चंदगडला गावी काजूच्या बागेत जाऊन राहिलेत.

परवा मुलगा म्हणाला, "आबा, काकांचं नाव सर्व्हरवरनं काढून टाकतो, आता दुसरी माणसं बघत्यात." काढलं की त्यांनी बनवलेल्या फाइलींपुढं त्यांचं नाव जाऊन नुसता आकडा उरेल, कुणाचा ते सांगता न येणारा. मी म्हटलं, बरं होईल. मग तो सहज बोलून गेला, "काकांवर राग धरू नका. तुम्हाला नुसतं बघायचा हक्क द्या, हे मीच सांगितलेलं. तुम्ही गिऱ्हाइकापुढं भाव पाडत होता."

पोराला जे बोलायचं ते मी बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. राग साडूंचाही आला, तो अजून आहे. पोराचं नाव तेव्हाच घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्या घरात बापलेक फुटू नयेत हे ठरवणारे हे कोण? पण साडूंचं नाव सर्व्हरवरनं काढायचं नाही, असं मी पोराला बजावलं. देवाला काढत नाहीत, तसं यालाही काढायचं नाही.

मग बाहेर येऊन भट्टीच्या आवाजापासून लांब उभा राहिलो आणि फोन लावला. रेंज धड नव्हती. बऱ्याच वेळानं उचलला.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. माझ्या तोंडाशी नेहमीचं 'तुमचा काळ' आलं होतं, ते गिळलं.

"साडू बोलतोय," मी म्हणालो.

पलीकडं कुणीतरी काजूची पोती ओढत होतं. तो आवाज थांबला.

"हां," ते म्हणाले. "बोला."