पंगत मधेच उठवणारे गजेंद्रभाऊ

अकोल्याचे गजेंद्रभाऊ स्वतःला उद्योजक म्हणवतात. वडिलांचा, जानरावांचा, मंडप आणि केटरिंगचा धंदा. यांनी त्याच गोदामाच्या माडीवर एसी बसवला, काचेचं दार लावलं आणि समाजाचे वधू-वर परिचय मेळावे मोबाइलवर भरवायला घेतले. खाली गालिच्यांचे गठ्ठे तसेच आहेत. भाऊही तसेच आहेत, फक्त इंग्रजी पाटीखाली बसतात.

माझी मुलगी रश्मी अमरावतीला घरी बसून त्यांचं काम बघते. मेळाव्याचा प्रोग्राम भाड्याच्या बऱ्याच सर्व्हरवर मिळून सतत चालू असतो. पाहणारे वाढले की सर्व्हर आपोआप वाढतात, गर्दी ओसरली की कमी होतात, हे रश्मीने बसवून दिलेलं. आणि मेळाव्यातली गर्दी म्हणजे काय विचारता! सरकारी नोकरीवाला मुलगा बोलायला आला की अचलपूरपासून अकोटपर्यंतच्या मावश्या-आत्या एकदम आत शिरतात. त्याच्यामागून शेतीवाला आला की सगळ्यांना चहा ठेवायचं आठवतं.

रिकामा सर्व्हर भाऊंना बघवत नाही. बांधावर मजूर बसलेला दिसावा तशी त्यांच्या अंगाची आग होते आणि ते फोन लावतात.

"रश्मी, माणसं गेले ना? मंग मशीन कावून चालू ठेवून राहिली?"

"भाऊ, त्यावर थोडे लोक अजून जोडलेले आहेत. नवीन कोणाला तिकडे पाठवत नाही. शेवटचा निघाला की सर्व्हर आपोआप बंद होतो."

"दोन-चार लोकायसाठी कोणी दुकान उघडं ठेवते का? तू लय शिकली, पण धंदा नाही शिकली."

मेळाव्याच्या दिवशी त्यांनी धंदा शिकवला. तलाठी मुलगा बोलून गेला, गर्दी ओसरली आणि भाऊंनी रश्मीला न विचारता तो थांबण्याचा नियमच काढून टाकला. गर्दी घटली की सर्व्हर ताबडतोब बंद. तेव्हा वलगावचा श्याम बोलत होता. संत्र्याची बाग सांगून झाली होती. "लग्नानंतर मुलीनं नोकरी..." एवढ्यात त्याचा चेहरा पडद्यावर गोठला. तो ज्या सर्व्हरवर होता, तोच गेला. बाहेर फेकलेले सगळे उरलेल्या सर्व्हरवर एकदम आदळले, तेही बंद पडले. मेळावा बंद.

शेवटचा जेवणारा हात धुवायला उठल्याशिवाय पंगतीची बसायची पट्टी गुंडाळायची नसते. ज्यांच्या घराने आयुष्यभर पंगती वाढल्या, त्यांच्या कर्त्या मुलाला हे कळू नये!

संध्याकाळी समाजाच्या ग्रुपवर भाऊंचा मेसेज आला, 'अमरावतीच्या रश्मी मॅडमच्या चुकीमुळे व्यत्यय आला. क्षमस्व.' नावासकट. त्याच ग्रुपवर आम्ही रश्मीसाठी स्थळ बघतोय. तेवढ्यात नणंदबाईंचा, इंदूबाईंचा फोन.

"वहिनी, पोरीनं मेळावा बुडवला म्हणते."

मी रश्मीला म्हटलं, माफी मागून मोकळी हो बाई.

"जे केलंच नाही त्याची माफी? आई, मागितली तर चूक माझीच ठरेल, आणि उद्या स्थळवाले तेच विचारतील."

मेळावा पुढच्या रविवारी पुन्हा ठरला आणि फोनवर भाऊंचा आवाज एकदम गोड झाला. स्पीकर चालू होता, मी शेजारीच मेथी निवडत होते.

"बेटा, झालं गेलं जाऊ दे. बसतेस ना रविवारी?"

"बसते. आधी ग्रुपवर लिहा, नियम कोणी बदलला ते. आणि यापुढे नियम बदलायचा हक्क फक्त माझ्याकडे."

"मोठ्या माणसाले असं बोलते का कोणी?"

"मग दुसरं कोणी पाहा."

दुसरं कोण येणार? गालिचे उचलणारे? भाऊंनी लिहिलं, 'तांत्रिक नियमात बदल झाल्यामुळे...' म्हणजे बदल आपल्या पायांनी चालत आला! रश्मीने सगळ्यांदेखत खाली एकच शब्द लिहिला, 'कोणी?' तिच्याखाली श्यामच्या आईने, मैनाबाईंनी लिहिलं, 'हो, सांगा ना भाऊ.' मग आलं, 'माझ्याकडून झाला. गजेंद्र.' पुढे जोडलेल्या हातांची रांग. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी श्यामने वाक्य पूर्ण केलं. मुलीनं नोकरी करावी की नाही, ते तिनंच ठरवावं, असं त्याला म्हणायचं होतं. ऐकायला थोडेच लोक उरले होते, पण ते शेवटपर्यंत होते.

रश्मी शांत झोपली आहे. नियमांना हात लावायचा हक्क तिने भाऊंकडून खरंच काढून घेतलाय, आणि भाऊंनी अजून नियम बदलून पाहिलेला नाही. पाहतील तेव्हा फोन येईल. मी आत्तापासूनच जागी आहे.