नारबोदीच्या जाळात गेलेल्या माझ्या माश्या

गांधीलमाशी गेली म्हणून कोणी रडतं का? मी रडले. तेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर अंगणात.

आमचं शेत अड्याळच्या बाजूला. धानाच्या बांध्यांच्या वरच्या उंच तुकड्यात सोयाबीन होतं आणि त्यावर पानं फस्त करणारी एक अळी पडली होती. इथली नाहीच मुळी ती, परमुलखातून आलेली. साधं औषध तिला पाण्यासारखं. मागच्या हंगामात जहाल औषध फवारता फवारता माझा नवरा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी ठरवून टाकलं, या माणसाच्या पाठीवर पुन्हा पंप चढू द्यायचा नाही. तो हसायचा, "मंग अळी का मंत्रानं जाते?"

मंत्रानं नाही, माशीनं जाते! शेतीशाळेत ऐकलं होतं मी. डोळ्याला धड दिसतही नाही अशी बारकी गांधीलमाशी असते, ती पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, मग पुढची अळी जन्मालाच येत नाही. या माश्यांची अंडी चिकटवलेली कार्डं मिळतात, ती पानाखाली टोचायची. बस्स. पण ती कार्डं मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला आला. कृषी कार्यालयात गेलं की आज साहेब नाहीत, उद्या माल नाही, परवा या. अरे, अळी काय तुमच्या साहेबाची वाट पाहत बसते? शेवटी ऐन पोळ्याच्या दिवशी हातात पडली. ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणली.

"आत्ताच लावून येते," मी म्हटलं.

सासूबाई उखडल्या. "पोळ्याच्या दिवशी वावरात कोन काम करते वं? बैलाचा दिवस आहे आज."

ठेवली मग फ्रिजमध्ये. "का आहे हे?" त्यांनी विचारलं. मी पुरणाच्या घाईत. "गांधीलमाशीची अंडी आहेत, आई. हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी नारबोद. आमच्याकडे त्या पहाटे घरातली पीडा गावाबाहेर काढतात. जुना झाडू, फाटकं सूप, चिंध्या, सगळं शिवेवर नेऊन जाळायचं, "माशा, मुरकुटं, रोगराई घेऊन जा गे नारबोद!" म्हणून ओरडायचं आणि मागे न बघता घरी यायचं. एकदा शिवेवर टाकलं ते पुन्हा घरात आणत नाहीत.

सकाळी फ्रिज उघडला तर कार्डं गायब.

"आई, कार्डं कुठं आहेत?"

"नारबोदीत देल्ली." चेहऱ्यावर कसलं समाधान! "घरात गांधीलमाशी पोसते का कोनी? आत्ता कुठं मरता मरता वाचला माहा पोरगा."

माझं डोकंच फिरलं. "त्याच्यासाठीच आणली होती ना, आई! तुमच्या पोराला पंप उचलावा लागू नये म्हणून!" आणखी काय काय बोलले, आठवत नाही. त्यांना त्यातलं काही पटल्यासारखं दिसेना. मग मला रडूच फुटलं.

दुपारी नवऱ्यानं कोठीतून पंप काढला आणि धुवायला बसला.

"नवी कार्डं आणते मी."

"येतीन तवा येतीन. अळी थांबते का? सारं खाऊन राहिली."

मी पंप ओढला, त्यानं तो परत आपल्याकडे घेतला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे काहून काढलं रे?" "कार्डं गेली ना. फवारा लागन," तो म्हणाला. त्यांनी एकदा पंपाकडे पाहिलं आणि काठी घेऊन बाहेर पडल्या. मला वाटलं, गेल्या शेजारी माझी गाऱ्हाणी सांगायला. जाऊ दे, म्हटलं.

नवरा बादलीत औषध कालवत होता तेव्हा त्या परतल्या. पाय राखेनं माखलेले, पदराचं टोक मुठीत घट्ट. जन्मभर नारबोद टाकून मागे वळून न पाहिलेली ही बाई शिवेवरची वस्तू घेऊन उंबऱ्याच्या आत आली. पदर सोडला. आत कार्डाचा एक करपलेला कोपरा होता.

"याच्यात एखांदी जित्ती असन का वं?"

मी तो कोपरा हातात घेतला. नखानं खरवडला, तर बोटाला नुसती राख लागली. मागे नवऱ्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि पंप पाठीवर घेतला.