तरंगणाऱ्या ब्लॉकची खोली

१० मार्च. सकाळी आभाळ मोकळं, दहानंतर ऊन कडक, वारा अजिबात नाही.

मी गावच्या नळाचं पाणी सोडतो. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं हे लिहायला एक वही केली, ती सवय अठरा वर्षं टिकली. रोजच्या चार ओळी पुरतात. पण यंदा अंगणवाडीची खोली बांधायला निघाली आणि ओळी समासात चढल्या. असले किस्से एकटे येतच नाहीत. एक लिहून पेनाला टोपण लावावं, तर दुसरा दारात उभा!

आधी काम काय होतं ते सांगतो. गावातली बावीस लेकरं देवळाच्या मंडपात बसत होती. २४ मार्चला देवळात सप्ताह बसणार, म्हणजे त्या दिवशी मंडप रिकामा करून द्यायचा. अंगणवाडीच्या शकुंतलाताईंना एकच काळजी होती. लेकरं नव्या खोलीत गेली नाहीत तर घरी बसतील, आणि एकदा घरी बसलेलं लेकरू परत आणायला दिवाळी उजाडते, असं त्या येईल त्याला सांगत होत्या. जोतं झालेलं, दाराखिडक्यांच्या चौकटी आलेल्या. फक्त भिंती राहिल्या होत्या.

तर १० तारखेला ब्लॉकचा ट्रक आला. ब्लॉक पांढरेफेक, उशीएवढे लांब, आणि उचलले तर हलके. महादू मिस्त्रींनी चाळीस वर्षं दगड लावला, वीट लावली, काळे जड ब्लॉकही लावले. हे मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. हे लावतात कसे, असं ताईंनी ड्रायव्हरला विचारलं. "मला उतरवायचं माहीत हाय," तो म्हणाला, आणि उतरवून गेला.

मिस्त्रींनी एक ब्लॉक उचलला, त्याचा वास घेतला आणि जनावरांच्या हौदात टाकला. ब्लॉक तरंगला. पाणी पीत असलेली म्हैस दोन पावलं मागं सरली. मिस्त्रींनी थापी धुऊन पिशवीत ठेवली.

"जे पान्यावर तरंगतंय, ते पावसात टिकंल व्हय? असल्या भिंतीत म्या लेकरं न्हाय बसवणार."

शहरात याच्या मोठमोठ्या इमारती आहेत, तालुक्याच्या साहेबांनी बघूनच पाठवलेत, असं ताईंनी परोपरीनं सांगितलं. मिस्त्री ऐकून घेत होते, हलत नव्हते. शेवटी त्यांनी अट घातली. "ज्यानं सवताच्या हातानं ह्ये लावलंय, असा एक मानूस माझ्यापुढं उभा करा. मग थापी उचलतो."

गावात असा माणूस नव्हता. पण गाव येडशीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, दिवसभर अनोळखी माणसं येतात-जातात. ताई मला म्हणाल्या, "नाना, आजपासून दिसंल त्याला विचारायचं."

*

१२ मार्च. ऊन, दुपारी वावटळ.

पहिला माणूस ताईंनाच सापडला. खिशाला दोन पेनं, गळ्यात मोजपट्टी, हातात डायरी. ताईंनी त्याला चहा पाजला आणि साहेब, साहेब करत जोत्यावर आणलं. त्यानं ब्लॉक चारी बाजूंनी मोजला. लांबी, रुंदी, उंची, सगळं डायरीत लिहिलं. मिस्त्रींनी पहिल्यांदा मान डोलावली. मग ताईंनी विचारलं, की साहेब, तुम्ही असे किती लावलेत?

तो टेलर होता. शेजारच्या गावात बँडवाल्यांची मापं घ्यायला निघाला होता. चहा पाजलाय म्हणून ब्लॉकचं माप घेतलं, म्हणाला.

तो दिवस अगदीच वाया गेला नाही. मिस्त्रींनी एक पॅन्ट शिवायला टाकली.

*

१३ मार्च. ऊन.

मोटारसायकलवरचा एक तरुण थांबला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, की असले ब्लॉक त्याला पाठ आहेत. पहिली ओळ कशी, कोपरा कसा, सांध्यात मसाला किती, सगळं धडाधड सांगितलं. ताईंचा चेहरा उजळला. मिस्त्री म्हणाले, "हात दाखव बरं."

त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. मिस्त्रींनी ते अंगठ्यानं दाबून पाहिले, वांगी निवडताना दाबतात तसे.

"कुठं लावलेस?"

"लावले न्हायती. मोबाइलवर बघितलंय. बारा व्हिडिओ."

"बरं. पानी पिऊन जा."

*

१५ मार्च. सकाळी थोडे ढग, पाऊस नाही.

आता ताईंनी वेगळाच विचार केला. मिस्त्रींना सांधा कळत नसेल तर खेळण्यातला दाखवू, म्हणून अंगणवाडीतल्या लाकडी ठोकळ्यांची पेटी एसटीच्या थांब्यावर आणली. बस थांबली की खाली उतरणाऱ्या प्रवाशांना विचारायचं: कुणी पांढऱ्या ब्लॉकचं काम केलंय का, आणि केलं असेल तर या ठोकळ्यांनी करून दाखवा.

१०.४० ला बस आली. काम कुणीच केलेलं नव्हतं. पण ठोकळे दिसल्यावर सात जण उकिडवे बसले. परंड्याचे एक पाहुणे किल्ला बांधायला लागले. दुसऱ्यानं त्याला सरळ भिंत घातली, तर पाहुण्यांनी ती पाडली. आमच्याकडं खराखुरा किल्ला आहे, परंड्याच्या माणसाला किल्ला शिकवू नका, म्हणाले. बुरूज गोल पाहिजे, बाहेरनं खंदक पाहिजे. एका आजींनी काठीनं खंदक ओढून दिला. लेकरं देवळातून पळत आली, तर त्यांना कुणी हात लावू देईना.

कंडक्टर खाली उतरून ओरडला. मग त्यानं किल्ला पाहिला आणि दरवाजा भलत्या तोंडाला आहे, असं म्हणून तोही बसला.

बस १०.५७ ला सुटली. मिस्त्री लांबून बघत होते. ताईंनी विचारलं, की सांधा कळला का? मिस्त्री म्हणाले, किल्ला झकास झाला, पर त्यो बी वाऱ्यानं पडंल.

*

१६ मार्च. ऊन, वारा.

आज थप्पी पडली, पण वाऱ्यानं नव्हे, मेंढरांनी. एक धनगर कळप घेऊन चालला होता. त्याला विचारायला आम्ही रस्त्यावर गेलो, तेवढ्यात मेंढरांना ब्लॉकची थप्पी सापडली. खरखरीत जागा बघून चाळीसएक मेंढरं अंग घासायला लागली आणि थप्पी कोसळली. मेंढरू एकही दुखावलं नाही. एक कोकरू तर अंगावरचा ब्लॉक झटकून चरायला गेलं!

धनगरानं दोन्ही काखांत दोन-दोन ब्लॉक घेऊन थप्पी परत रचून दिली. भला माणूस. पण जाताना मिस्त्रींना म्हणाला, "ह्यो दगड न्हाय पाव्हणं, दगडाचं सोंग हाय." ताई खाली जोत्यावर बसल्या. आठ दिवस उरले होते.

*

१८ मार्च. सकाळी गार, नंतर ऊन.

उमरग्याकडचं एक जोडपं मोटारसायकलवरून रामलिंगाच्या दर्शनाला निघालं होतं. पाणी प्यायला माझ्या टाकीपाशी थांबलं. त्या माणसानं पांढरे ब्लॉक बघितले आणि म्हणाला, की हे तर आमच्या हैदराबादच्या साइटवरचे.

मी नळ तसाच सोडून त्याला जोत्यावर नेलं. खुर्ची मागवली. तो बसला, बायको मागं उभी राहिली. मिस्त्री आले आणि त्यांनी प्रश्न सुरू केले.

सांधा किती जाड ठेवायचा? त्या माणसानं मागं वळून बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "पातळ. बोटाच्या नखाएवढा." मिस्त्रींनी त्याला पुढचं विचारलं, की लावायच्या आधी ब्लॉक भिजवायचा का. तो परत वळला. ती म्हणाली, नुसता ओला हात फिरवायचा. कोपऱ्याला तोडायचा कशानं? "करवतीनं." मिस्त्री हबकले, पण चौथा प्रश्नही त्यांनी खुर्चीलाच विचारला.

तो माणूस अवघडून उठला. "मिस्त्री, मी तिथं वॉचमन व्हतो. लावायची ती."

आम्ही सगळे तिच्याकडं बघायला लागलो. नागूबाई नाव. चाळिशीची असेल.

"म्या लावलंय," ती म्हणाली. "सा मजले."

मिस्त्रींनी एक ब्लॉक उचलून तिच्यापुढं धरला. मग त्यांनी मनातलं विचारलं. "पर बाई, ह्ये पान्यावर तरंगतंय की वो."

"मग हौदात बांधू नका."

मिस्त्रींनी पिशवीतून थापी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं पदर खोचला, सुताराकडून करवत मागवली. तीन थर तिनं लावले. मिस्त्री ब्लॉक देत होते. एक धुळीनं भरलेला दिला तर तिनं परत दिला, त्यांनी मुकाट्यानं पुसून पुन्हा दिला. चौथा थर मिस्त्रींनी लावला. तिनं त्यातले दोन काढायला लावले आणि बाकीच्यांना मान डोलावली. तिचा नवरा खुर्चीत झोपला होता. २.१५ ला दोघं रामलिंगाकडं गेली.

२२ तारखेला भिंती वर गेल्या. २३ तारखेला पत्रे बसले, सोळा.

२४ मार्च. ऊन. सकाळी ८.१० ला बावीसपैकी एकवीस मुलं नव्या खोलीत बसली. बाविसावं मामाच्या गावाला गेलं होतं.