रोज घेऊन राह्यलो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी कसं सांगू? पण आज दादाची इतकी आठवण येतेय, की राहवत नाही.

दादा मूर्तिजापूरला राहायचा. मी अकोल्यात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. आला की दारातूनच ओरडायचा, "काय वं बाई, जेवली काय?" तो आवाज... देवा, एकदा तरी कानावर पडावा! एके काळी तो प्यायचा. माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती त्यानं.

मग त्याला टीबी झाला. त्या गोळ्या कधीकधी लिव्हरवर उलटतात, म्हणून डॉक्टरांनी मधे रक्त तपासायला सांगितलं. दुसरीकडे कशाला जाईल? माझ्याकडेच आला. मीच रक्त काढलं. संध्याकाळी एसजीपीटी पाहिलं. लिव्हर दुखावलं की रक्तात हेच वाढतं. भलतंच वाढलेलं होतं.

आणि माझ्या मनात काय आलं? गोळ्या? छे. दारू!

फोन लावला. "दादा, खरं सांग, तू घेऊन राह्यला काय?"

"हाव! रोज घेऊन राह्यलो. एक दिवस चुकवली नाही."

किती खुशीत बोलला! मी फोनच बंद केला. काय घेतोस — एवढंच विचारायचं होतं ना? संतापले होते. पण खरं सांगू? लाज जास्त होती. लॅबमध्ये कळलं तर, हिचा भाऊ पितो म्हणून? रिपोर्ट डॉक्टरांना पाठवलाच नाही. आणि गोळ्यांनीही हेच होतं, हे मला शिकवलेलं होतं. माहीत नव्हतं असं नाही.

बाई रुसली असेल, रिपोर्ट बरा असेल, असं धरून, घरी रक्ताचं काही न सांगता, तो गोळ्या घेतच राहिला, एक दिवस न चुकवता. डोळे पिवळेजर्द झाले, बोलायची शुद्ध राहिली नाही, तेव्हा अमरावतीला नेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्यांनी लिव्हर गेलंय, मधे रक्त तपासलं नव्हतं का? वहिनी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणाले, "नाही. नुसता भेटून गेला."

दादा वाचला नाही.

वहिनी अजून त्याच्यावरच चिडते. परवा आली होती. भाकर मोडता मोडता म्हणाली, "अकोल्याले गेले, पण रक्त काही देल्लं नाही. ऐकलंच नाही ना वं त्यायनं कोनाचं?"

"हाव," मी म्हटलं.